बर्फ कुठे अडला?

आमच्या फ्रिजमधून दिवसातून सात-आठ वेळा ‘खळ्ळ’ असा आवाज येतो. आपोआप बर्फ करणारं यंत्र त्यात आहे, तयार झालेले खडे खालच्या डब्यात पडतात त्याचा तो आवाज. इतका सवयीचा झाला होता की कानावरही येत नसे. यायचा थांबला तेव्हा कळलं. आणि थांबला तोही नेमका कधी? भर एप्रिलात, सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला जेमतेम दहा दिवस झालेले असताना. दिवसातून चार-पाचदा, फडक्यात गुंडाळून, वीस मिनिटांच्या वर नाही, असा बर्फाचा शेक डॉक्टरांनी सांगितलेला.

हा मोठा फ्रिज मी माझ्या अर्धवेळ शिकवण्याच्या पगारातून हप्त्यांनी घेतला. सासूबाईंचा पहिला फ्रिज 165 लिटरचा होता. त्यातला ॲल्युमिनियमचा ट्रे नळाखाली धरायचा नि आपटायचा, की झाला बर्फ. “बर्फाला कसलं गं यंत्र?” असं त्या तेव्हाच म्हणाल्या होत्या. त्यामुळे यंत्र बंद पडल्याचं सांगायची मला लाजच वाटली. गुपचूप दोन ट्रे आणून लावले. ते पुरले नाहीत तेव्हा मटारची गोठलेली पिशवी गुडघ्यावर ठेवली. (छान बसते हो ती, गुडघ्याच्या आकाराला!)

दुरुस्तीवाला आला. पाणी आत सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी बर्फाचं बूच बसलं होतं, ते त्याने वितळवलं. दोन दिवस गाडी रुळावर. तिसऱ्या दिवशी पुन्हा बूच. मग तो म्हणाला, “वहिनी, आख्खं युनिट बदला.” त्याने सांगितलेला आकडा माझ्या महिन्याच्या पगाराहून मोठा होता. त्या वैतागात मी आमच्या कामाच्या मावशींना बोलले. म्हटलं, पुसताना फ्रिजला धक्के देता, त्यानेच काहीतरी हललं असणार. त्या काही बोलल्या नाहीत. नुसता पोछा पिळत राहिल्या.

रविवारी फ्रिजबरोबर आलेली पुस्तिका घेऊन बसले. मी बी.ए., तेही मराठी घेऊन. पण वाचता तर येतं ना! यंत्र तसं साधंच निघालं. विजेवरची झडप काही सेकंद उघडते, साच्यात पाणी पडतं. पाणी पुरेसं गार होऊन गोठलं की साचा किंचित गरम होतो, खडे सुटतात आणि डब्यात पडतात. डब्यावर एक दांडी असते, डबा भरला की ती वर राहते नि काम थांबतं. आमची दांडी खाली होती. फ्रीझर उणे 18 वर होता. पाण्याचा फिल्टर जानेवारीतच बदललेला. मग उरलं काय? पाणी!

पुस्तिकेत लिहिलं होतं, पाण्याला दर चौरस सेंटिमीटरला निदान दीड किलो दाब हवा. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. टाकी आमच्या डोक्यावर असल्याने आपल्याला भरपूर दाब, असं मी इतके दिवस समजत होते. चिरंजीव आठवीत. तो म्हणाला, “आई, उलटं असतं! दहा मीटर उंचीला एक किलो.” टाकी आमच्या नळापासून चार मीटर वर धरली, तर दाब चारशे ग्रॅम! तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला आमच्याहून कितीतरी जास्त. मला आता लक्षात आलं, बंद पडायच्या आधी खडे पातळ, पोकळ पडू लागले होते. पाणी जोरात येण्याऐवजी ठिबकत होतं आणि ठिबकता ठिबकता नळीच्या तोंडातच गोठत होतं. बूच हा रोग नव्हता, लक्षण होतं.

पण मग दोन वर्षं बर्फ झाला कसा? फ्रिजचं बटण बंद करून, प्लग काढून ह्यांनी तो पुढे ओढला. मागचा कॉक बंद करून बारीक नळी सोडवली, पातेल्यात धरली आणि कॉक उघडला. मिनिटभरात अर्धा ग्लास पाणी. नळीचा माग काढत मी सिंकखालच्या कपाटात डोकं घातलं, तर तिथे छोटा पंप. आर.ओ.च्या मशीनमध्ये असतो तसला. फ्रिज बसवताना लावलेला, आम्ही साफ विसरलेला. त्याचं बटण बंद! ते चालू केलं, ‘घर्र’ झालं आणि धार पातेल्याबाहेर उडाली.

“बटण कोणी बंद केलं?” मी मोठ्यानेच विचारलं. हॉलमधून उत्तर नाही. जरा वेळाने सासूबाई म्हणाल्या, “मी केलं गं. रात्री मधेच घरघरतं ते. एकतर झोप नाही.”

त्यांची कॉट हॉलमध्ये, स्वयंपाकघराला लागून. पण कॉटपासून सिंक आठ-दहा पावलं, आणि बटण कपाटाच्या आत. म्हणजे त्या रात्री एकट्या उठल्या होत्या, वॉकर धरून, नव्या गुडघ्याने वाकल्या होत्या. सोबतीशिवाय उठायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. माझ्या पोटात गोळाच आला.

“आई, हाक का नाही मारलीत?”

“सकाळी सातला तुझी शाळा असते.” मग थोडं थांबून, “बाकी तू बर्फासाठी एवढी हैराण होतीस, तेव्हा सांगायला हवं होतं. रात्री उठते म्हटलं तर रागावशील वाटलं.” मी फ्रिजचं लपवत होते आणि त्या रात्रीचं!

पंपाखाली जाड रबराचा तुकडा घातला, आता आवाज निम्मा येतो. दुखणं अंगावर काढताहेत हे डॉक्टरांना फोन करून सांगितलं, त्यांनी रात्रीची गोळी बदलून दिली. मी माझी गादी हॉलमध्ये आणली. यंत्राने पहिल्या दिवशी केलेला बर्फ टाकून द्यायचा असतो, तो कुंड्यांत टाकला.

सोमवारी मावशी आल्या तेव्हा पहिल्यांदा चहा ठेवला. “मावशी, फ्रिजचं तुमच्याकडून काही झालं नव्हतं. मी उगीच बोलले,” म्हटलं. त्या म्हणाल्या, “मला ठाऊक होतं ना, ताई,” आणि बशीत चहा ओतला.