चालू डावाची गुंतवणूक

ज्या रीतीने लढाई चालू आहे, तिला साजेसे गडी आज पैसे मोजून घ्यावेत काय, हा प्रश्न मोबाइलवरील खेळांत रमलेल्या आमच्या नातवंडांना पडतो. इंदूरच्या होळकरांनाही तो एके काळी पडला होता. १७९३ साली लाखेरीस शिंद्यांच्या डी बॉयनच्या कवायती पलटणींनी तुकोजीरावांच्या फौजेचा मोड केला. पुढे यशवंतरावांनीही अशा पलटणींवर पैसा ओतला आणि १८०२ मध्ये हडपसरला शिंदे व पेशवे यांच्या फौजांवर जय मिळवला. गुंतवणूक फळली!

परंतु १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच शिंद्यांचे कित्येक युरोपीय अंमलदार चाकरी सोडून गेले. उलट १८०४ मध्ये माघार घेणाऱ्या कर्नल मॉन्सनला यशवंतरावांच्या जुन्या वळणाच्या घोडदळानेच हैराण केले.

नव्या रीतीवर खर्च करणे आम्हांस गैर वाटत नाही. मात्र खेळाचे नियम बदलणे खेळ चालविणाऱ्याच्या हाती असते. त्यासरशी विकत घेतलेला गडी निकामी ठरतो, अंगी मुरलेले कसब मात्र पुढल्या डावातही उपयोगी पडते. नातवंडांनी खाऊचे चार पैसे जरूर लावावेत. सारी थैली रिकामी करू नये.