नावाचा मान आणि हाताचा कस

ब्रिटनमधील लक्झरी उद्योगाचे वार्षिक पुरस्कार 'वॉलपोल' ही संस्था देते. 1990च्या दशकाच्या आरंभी स्थापन झालेली ही ना-नफा संस्था म्हणजे उंची मोटारी, कापड, कातडी सामान, अत्तरे, दागिने, हॉटेले अशा व्यवसायांतील अडीचशेहून अधिक कंपन्यांचा संघ आहे. फ्रान्समध्ये अशी संघटना बरीच आधी उभी राहिली. 1954 साली झाँ-झाक गेर्लँ या अत्तर-व्यावसायिकाच्या पुढाकाराने तेथे 'कोमिते कोल्बेर'ची स्थापना झाली. इटलीत 1992 मध्ये 'आल्तागाम्मा' आली. वॉलपोल याच कुळातली.

वॉलपोलच्या पुरस्कारांत पेढीचा एकूण कारभार पाहिला जातो: वस्तूची निर्मिती, कल्पकता, ग्राहकसेवा, पर्यावरणाची जबाबदारी, परदेशांतील विस्तार. ही संस्था सरकारकडे उद्योगाची बाजूही मांडते. परदेशी पर्यटकांना खरेदीवर मिळणारा मूल्यवर्धित कराचा परतावा ग्रेट ब्रिटनमध्ये 2021च्या सुरुवातीपासून बंद झाला. तो पुन्हा सुरू व्हावा यासाठी तिने पाठपुरावा केला आहे. थोडक्यात, हे पुरस्कार म्हणजे एका व्यवसायाने आपल्याच लोकांची घेतलेली दखल आहे आणि तिचे मोल आहेच. नवख्या पेढीला अशा सन्मानाने मोठी गिऱ्हाइके आणि भांडवल मिळवणे सोपे जाते. मात्र सन्मान होतो तो पेढीच्या नावाचा. वस्तू कोणत्या कारागिराने घडवली, हा प्रश्न या परीक्षणाच्या केंद्रस्थानी नसतो.

अनेकदा पुरस्कार समजली जाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे 'रॉयल वॉरंट'. दुकानावर किंवा डब्यावर राजचिन्ह लावण्याची ही परवानगी आहे. त्यासाठी गेल्या सात वर्षांपैकी किमान पाच वर्षे राजघराण्याला माल किंवा सेवा पुरवलेली असावी लागते आणि ठरावीक मुदतीने फेरतपासणी होते. परवानगी देणारी व्यक्ती निवर्तली की ती कायम राहत नाही. राणी एलिझाबेथ दुसरी हिचे सप्टेंबर 2022 मध्ये निधन झाल्यावर तिने दिलेल्या परवानग्यांच्या धारकांना नव्याने अर्ज करावे लागले. राजे चार्ल्स यांनी पहिल्या परवानग्या मे 2024 मध्ये दिल्या. त्याच वर्षाअखेरीच्या यादीत कॅडबरीचे नाव नव्हते. सुमारे 170 वर्षांचा मान असा संपला.

कारागिराच्या हाताला थेट मान देणारी परंपरा वेगळी आहे आणि तिचे घर लंडनच्या फॉस्टर लेनमधील गोल्डस्मिथ्स हॉल हे आहे. सोनारांच्या संघाची या जागेवरील वास्तू 1339 पासूनची. आजची इमारत 1835 मध्ये पूर्ण झाली. इंग्लंडमध्ये चांदीचा कस कायद्याने ठरला तो 1300 साली, राजा एडवर्ड पहिला याच्या काळात. कसाला उतरलेल्या वस्तूवर बिबळ्याच्या मस्तकाचा ठसा उमटू लागला. 1327 मध्ये संघाला सनद मिळाली. सुरुवातीला संघाचे अधिकारी दुकानोदुकानी फिरून माल तपासत. 1478 पासून सोनारांनीच माल हॉलमध्ये आणावा असा दंडक आला, आणि हॉलमध्ये उमटणारा तो ठसा 'हॉलमार्क' झाला. भारतात जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला. पुण्या-मुंबईतील सराफी दुकानात गिऱ्हाईक हाच शब्द उच्चारते तेव्हा या इमारतीचाच उल्लेख होत असतो.

1478 मध्येच लंडनच्या हॉलमध्ये आणखी एक पद्धत सुरू झाली: दरवर्षी बदलणारे एक अक्षर वस्तूवर उमटवणे. चूक झाली तर कोणत्या वर्षीचा तपासनीस जबाबदार, हे त्यावरून कळे. आज संग्राहक त्याच अक्षरावरून पाचशे वर्षांपूर्वीच्या चमच्याचे वय सांगतात. स्टर्लिंग चांदीत हजारात 925 भाग शुद्ध चांदी असावी लागते. लंडनखेरीज बर्मिंगहॅम, शेफील्ड आणि एडिंबरा येथे कस तपासणारी कार्यालये आहेत. त्यांपैकी बर्मिंगहॅम व शेफील्ड येथील 1773 पासूनची.

कस धातूचा कळतो. घडणीचा कस लावायला दुसऱ्या कारागिराचे डोळे लागतात. 1908 मध्ये स्थापन झालेली 'गोल्डस्मिथ्स क्राफ्ट अँड डिझाइन कौन्सिल' हे काम वार्षिक स्पर्धेतून करते. या व्यवसायाबाहेर तिचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. लंडनच्या हॅटन गार्डन या सराफी वस्तीतील कारागिरांच्या बाकांवर मात्र वर्षभर तिची तयारी चालते. स्पर्धेत चांदीची भांडी घडवणारे, खडे बसवणारे, कोरीवकाम, उठावाचे नक्षीकाम आणि मीनाकारी करणारे, झिलई देणारे यांचे विभाग वेगळे असतात. हा तपशील लहान वाटला तरी महत्त्वाचा आहे. एक अंगठी चार-पाच हातांतून जाते आणि बाजारात ती एकाच पेढीच्या नावावर विकली जाते. झिलई देणाऱ्याचे काम उत्तम असेल तर ते दिसतच नाही. बिघडले तरच नजरेत भरते. अशा कामाला स्वतंत्र विभाग देणारी स्पर्धा म्हणूनच मोलाची. उमेदवारी करणाऱ्या शिकाऊ मुलामुलींनाही तिच्यात जागा आहे.

या स्पर्धेचा सर्वोच्च मान म्हणजे 'झाक कार्तिए स्मृती पुरस्कार'. तो दरवर्षी दिलाच पाहिजे असे बंधन नाही. असामान्य कारागिरी समोर आली असे परीक्षकांना वाटले तरच तो दिला जातो, एरवी राखून ठेवला जातो. मान राखून ठेवण्याचे हे धैर्यच त्याला वजन देते.

गोल्डस्मिथ्स हॉलमधील उमेदवारीही अशाच कसोटीवर संपते. शिकाऊ मुलाला अखेरीस स्वतःच्या कौशल्याची साक्ष देणारी एक वस्तू घडवून संघापुढे ठेवावी लागते. ती उतरली तरच तो संघाचा सभासद होण्यास पात्र ठरतो. 2012 पासून क्लार्कनवेल येथील गोल्डस्मिथ्स सेंटरमध्ये या शिक्षणाची आणि कार्यशाळांची सोय आहे.

सोने-चांदीच्या कामाला संघाचा आधार मिळाला. इतर अनेक कलांना तो नाही. ब्रिटनच्या 'हेरिटेज क्राफ्ट्स' या संस्थेने 2017 मध्ये संकटग्रस्त हस्तव्यवसायांची पहिली यादी काढली. चार व्यवसाय देशातून संपल्याची नोंद तिच्यात झाली. त्यांपैकी एक होता हाताने क्रिकेटचा चेंडू शिवण्याचा. केंट परगण्यात पिढ्यान्‌पिढ्या चाललेले हे काम स्वस्त मजुरीच्या शोधात भारतीय उपखंडाकडे सरकले. असे घडते तेव्हा कंपनी टिकते, नाव टिकते, कधी पुरस्कारही मिळतो. नाहीसा होतो तो टाका घालणारा हात.

त्यावरचे उपाय धनाचे आहेत, मानाचे कमी. रॉयल वॉरंट धारकांच्या संघाने 1990 मध्ये स्थापन केलेला 'क्वीन एलिझाबेथ स्कॉलरशिप ट्रस्ट' कारागिरांच्या शिक्षणाला पैसा देतो: खोगीर बनवणारे, वेताचे काम करणारे, पुस्तकबांधणी करणारे. युवराज असताना चार्ल्स यांच्या पुढाकाराने हेरिटेज क्राफ्ट्सने 2020 मध्ये संकटग्रस्त हस्तव्यवसायांसाठी एक वार्षिक पुरस्कार सुरू केला. आपली कला पुढे कशी टिकवणार याची योजना कारागिराने मांडायची, आणि मिळालेली रक्कम त्याच कामासाठी वापरायची.