घडीची रेघ

आई पोलकं बेतायची तेव्हा कापड आधी मधोमध दुमडून घ्यायची. खडूच्या खुणा अर्ध्याच भागावर व्हायच्या. कात्री एकदाच फिरायची आणि उलगडलं की दोन्ही खांदे, दोन्ही मुंढे सारखे निघायचे. ती घडीची रेघ मला तेव्हापासून आवडते.

शाळेत तीच रेघ ‘सममितीचा अक्ष’ म्हणून भेटली. बाईंनी कागदाचे आकार दुमडायला लावले. समभुज त्रिकोणाला तीन अक्ष निघाले, चौरसाला चार. वर्तुळाचा तर कुठलाही व्यास चालला. मग आयत कर्णावर दुमडला, आणि कोपरे बाहेर आले. कर्णाने आयताचे दोन एकरूप त्रिकोण होतात, तरी त्या घडीवर ते एकमेकांना झाकत नाहीत. तिथे मला या विषयाची गोडी लागली. नुसते दोन सारखे भाग होऊन भागत नाही. आकृतीतल्या प्रत्येक बिंदूला रेघेपलीकडे, तितक्याच अंतरावर, नेमका समोर जोडीदार लागतो. त्या दोघांना जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक म्हणजे अक्ष.

पुढे दारात रांगोळी काढताना हे हाताला कळत गेलं. अष्टदल कमळ कितीतरी रेघांवर दुमडता येतं. स्वस्तिक एकाही नाही. आरशात त्याचे हात उलट्या दिशेला वळतात. पण पाव फेरा फिरवलं की ते पुन्हा जसंच्या तसं दिसतं. अक्षाशिवायही सममिती असते, हे मला त्या उंबऱ्यापाशी उमगलं.

मोठेपणी आग्र्याला गेले. ताजमहालाच्या पश्चिमेला मशीद आहे, आणि तिचा तोल राखायला पूर्वेला तशीच दुसरी इमारत, ‘जवाब’. आत मुमताजची कबर बरोबर मधल्या अक्षावर आहे. १६६६ मध्ये शहाजहान गेला आणि त्याची कबर तिच्या पश्चिमेला आली. पूर्वेला तिला जोड नाही. अक्षावरचा बिंदू घडी घातली तरी जागचा हलत नाही, त्याला जोडीदार लागत नाही. बाजूच्या प्रत्येकाला मात्र लागतो. मुमताज एकटी असूनही रचना पूर्ण होती. तिच्याशेजारी तो आला आणि तोल ढळला.

त्या ढळण्याने मी हेलावून गेले, ते भूमिती शिकले होते म्हणून. रेघ कुठे आहे हे आधी ओळखलं, तरच तिच्यापासून कोण बाजूला आहे ते दिसतं.