चढ आणि उंची

जयपूरच्या खातीपुऱ्यात पौषातली पहाट अजून उजाडलेली नसते. सूर्य क्षितिजाखाली असतो. त्याचा उन्नतांश मोजला तर तो ऋणच येईल. तरीही मध्यरात्रीपासून तो चढणीला लागलेला असतो. स्थान ऋण, गती धन. निसर्ग रोज घडवतो तो हा विरोधाभास गणिताच्या विद्यार्थ्याला वहीतल्या आलेखावर मात्र सहसा दिसत नाही.

फलनाचा आलेख देऊन त्याचा अवकलज कोठे धन आहे असे विचारले, की विद्यार्थ्याची नजर आडव्या अक्षाच्या वरच्या भागाकडे धावते. आलेख खुद्द अवकलजाचाच असता, तर ते योग्यही ठरले असते. येथे प्रश्न उंचीचा नसून चढाचा आहे. डावीकडून उजवीकडे जाताना वक्राची स्पर्शरेषा जेथे वर चढते तेथे अवकलज धन. मग वक्र अक्षाच्या कितीही खाली असो. शिखरावर ती रेषा आडवी होते, अवकलज शून्य होतो. म्हणून शिखरबिंदू उत्तरातून वगळावा लागतो.

सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेल्या जयपूरच्या जंतरमंतरात हे शिखर डोळ्यांनी पाहता येते. सम्राटयंत्राची छाया सकाळभर पश्चिमेच्या चापावरून उतरते आणि मध्यान्ही तळ गाठून पूर्वेच्या चापावर चढू लागते. डिसेंबरअखेरीस येथे मध्यान्हीचा सूर्य जेमतेम ४० अंशांवर पोचतो. जूनमध्ये दुपारी दोन वाजता तो त्याहून कितीतरी उंच असतो. पण उतरणीला लागलेला असतो.

पंचांग वाचणाऱ्या मराठी माणसाला हा भेद परका नाही. ग्रह कोणत्या राशीत आहे ही एक गोष्ट. तो मार्गी, स्तंभी की वक्री, ही दुसरी. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त (११५०) ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार केला, तो स्थानाहून निराळी अशी ही गोष्ट नेमकी पकडण्यासाठीच.

शाळेच्या गुणपत्रिकेत मात्र एकच रकाना असतो. तिसांवरून चाळिसांवर आलेला मुलगा आणि नव्वदांवरून ऐंशींवर घसरलेला मुलगा यांच्यात ती फक्त उंची मोजते, आणि पहिल्याच्या घरी त्या दिवशी बोलणी बसतात. त्याच्या मागच्या दोन गुणपत्रिका शेजारी ठेवून पाहिल्या असत्या, तर चढ दिसला असता.