डॉन पेद्रोचे दोन सदरे

लिलिपुटच्या बोटभर माणसांची गोष्ट आपल्याकडे कोणाला माहीत नसते? शाळेच्या कपाटातलं पातळ पुस्तक, दोऱ्यांनी जखडलेला गलिव्हर, संपली गोष्ट. जोनाथन स्विफ्टचं १७२६ साली निघालेलं मूळ पुस्तक चार सफरींचं आहे. मोठेपणी चौथी सफर वाचली आणि तेव्हापासून एका माणसाची बाजू घेऊन भांडावंसं वाटतंय. तो म्हणजे पोर्तुगीज जहाजाचा कप्तान, डॉन पेद्रो द मेंडेझ.

चौथ्या सफरीत गलिव्हर विवेकी घोड्यांच्या देशात पोचतो. तिथले याहू माणसासारखेच दिसतात, घाणेरडे, हावरट. घोडे शेवटी गलिव्हरलाही याहूंतच मोजतात आणि निघून जायला सांगतात. तो होडी बांधतो ती याहूंच्या कातड्यानं मढवून. शिडासाठी कोवळ्या याहूंची कातडी, फटी बुजवायला त्यांचीच चरबी. सुतारानं फळ्यांचा हिशेब द्यावा तसं हे सगळं तो सांगतो. माझ्या अंगावर काटा आला.

पुढे पोर्तुगीज खलाशी त्याला जहाजावर नेतात. कप्तान त्याला कोंबडी खाऊ घालतो, उत्तम वाइन देतो, झोपायला स्वच्छ केबिन देतो. आणि याला कप्तानाच्या अंगाच्या वासानंच भोवळ येते! तो समुद्रात उडी टाकायला निघतो, एक खलाशी त्याला अडवतो. तरी डॉन पेद्रो चिडत नाही. शांतपणे विचारतो, ऐकून घेतो. स्वतःचा सगळ्यात चांगला पोशाख पुढे करतो. गलिव्हर तो नाकारतो आणि फक्त दोन धुतलेले सदरे घेतो. तेही दिवसाआड बदलून स्वतःच धुतो. लिस्बनमध्ये कप्तान त्याला स्वतःच्या घरात वरच्या मजल्यावरची मागची खोली देतो, त्याला त्रास नको म्हणून जेवणाच्या वेळी नोकरांना समोर येऊ देत नाही, धीर देत देत रस्त्यापर्यंत आणतो. बायकामुलांकडे परत जाणं हे तुझं कर्तव्य आहे, असंही तोच सांगतो. निघताना वीस पौंड उसने देतो आणि मिठी मारतो. गलिव्हर ती मिठी जेमतेम सहन करतो.

इतक्या भल्या माणसाला याहूच समजायचं? मला हे अजून सहन होत नाही.

स्विफ्टला माणूसजातीचा तिटकारा होता, असं ठरवून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. पण तसं असतं तर त्यानं डॉन पेद्रो लिहिलाच कशाला? तिटकारा गलिव्हरचा आहे, आणि तो किती आंधळा आहे हे दाखवायलाच स्विफ्टनं हा कप्तान उभा केला, असं आता वाटतं. तरीही युद्धांबद्दल, वकिलांबद्दल गलिव्हर घोड्यांना जे सांगतो त्यातलं बरंचसं मला पटतं, आणि मग त्याच्यावर धड रागावताही येत नाही. मुलांना लिलिपुट जरूर द्या. पण कॉलेजात गेल्यावर चौथी सफर हातात ठेवा, शेवटपर्यंत वाचायला लावा.

कारण शेवटी मेरी आहे, त्याची बायको. नवरा मेला असं धरून चाललेली ती आनंदानं त्याला मिठी मारते, मुका घेते, आणि तो तासभर बेशुद्ध पडतो. वर्षभर त्याला बायकोमुलं समोर नकोत. तो दोन घोडे विकत घेतो आणि रोज किमान चार तास त्यांच्याशी बोलतो. या सफरीवर तो निघाला तेव्हा मेरी गरोदर होती. त्या मुलाचं पुढे काय झालं, हे तो एका शब्दानंही सांगत नाही.