पेट्रोसकाका 'वाया' का गेला?

रहस्यकथा म्हटली की आपल्याला खून, पोलीस आणि शेवटच्या पानावर सापडणारा खुनी आठवतो. अपोस्तोलोस डॉक्सियाडिस या ग्रीक लेखकाच्या 'अंकल पेट्रोस अँड गोल्डबाख्स कंजेक्चर' या कादंबरीत यातलं काहीच नाही, तरी ती मी एका रात्रीत संपवली. मूळ पुस्तक १९९२ सालचं, इंग्रजीत आलं २००० साली.

अथेन्सजवळ एकालीला बागकाम करत, बुद्धिबळ खेळत एकटाच राहणारा पेट्रोसकाका. धंद्यात मुरलेले त्याचे भाऊ त्याला 'वाया गेलेला' म्हणतात. का, ते पोरांना कोणी सांगत नाही. पुतण्या शोध घेतो तेव्हा कळतं की काका एके काळी म्युनिकला गणिताचा प्रोफेसर होता. केंब्रिजला हार्डी, लिटलवूड आणि आपल्या रामानुजनबरोबर त्याची ऊठबस होती!

पुतण्यालाही गणिती व्हायचंय. काका त्याला एक गणित घालतो. २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हे सिद्ध कर. सुट्टीत जमलं नाही तर गणिताचा नाद सोड! १० = ३ + ७, १०० = ४७ + ५३... दिसायला किती सोपं! पोरगा हरतो. पुढे अमेरिकेत कॉलेजला गेल्यावर रूममेट त्याला सांगतो, की अरे, हे तर १७४२ पासून कोणालाच न सुटलेलं गोल्डबाखचं अनुमान! (घरी जे कळत नाही ते रूममेटकडून कळतं, हे हॉस्टेलवाल्यांना काय सांगायचं?)

काकाला ते सुटलं नाही याचं मला काही वाटलं नाही. प्रकाशकांनी २००० साली सिद्धतेसाठी दोन वर्षांच्या मुदतीने १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं, तेही कोणी नेलं नाही. खुपलं ते वेगळंच. वाटेत सापडलेला एक महत्त्वाचा निष्कर्ष काकाने दाबून ठेवला. दुसरा कोणी त्यावरून पुढे गेला तर? शेवटी बाहेर काढला, तोवर दुसऱ्याने तो छापूनही टाकला होता. मग १९३१ सालचं गोडेलचं प्रमेय कानावर आलं, की काही विधानं खरी असूनही सिद्ध करता येत नाहीत. झालं, काकाला निमित्त मिळालं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट!

प्रत्यक्षात या प्रश्नावर जी वाटचाल झाली ती अर्ध्या उत्तरांनीच. १९३७ साली विनोग्रादोव्हने दाखवलं की पुरेशी मोठी प्रत्येक विषम संख्या तीन मूळ संख्यांची बेरीज असते. त्याच धाग्यावर २०१३ साली हेल्फगॉटने ५ पेक्षा मोठ्या सगळ्या विषम संख्यांसाठी सिद्धता मांडली. विनोग्रादोव्ह वही मिटून बसला असता तर?

पीएलमध्ये गादीखाली नोट्स लपवणारे प्रत्येक विंगमध्ये असतात. वायडी बसल्यावर घरचे 'वाया गेला' म्हणतातच. पण अर्धवट सुटलेलं गणित शेजारच्या रूममध्ये नेऊन दाखवणारा माझ्या मते कधीच वाया जात नाही. पुस्तक जरूर वाचा, आणि वाचून झालं की पुढच्याला द्या!