ठकीची फाईल

ठकी हे नाव आईने ठेवलं आणि बाईसाहेबांनी ते सार्थ केलं. उकडलेल्या अंड्यात गोळी दडवून दिली की अंडं गट्टम आणि गोळी ताटलीशेजारी, चाटूनपुसून ठेवलेली. पेढ्यात द्यावी तर डॉक्टरांनी बजावलेलं, डॉक्सिसायक्लिन दुधाच्या पदार्थांबरोबर नको, अंगी लागत नाही. आणि उपाशीपोटीही नको, अन्ननलिका पोळते. कोर्स 28 दिवसांचा. शेवटी कोंबडीच्या काळजापुढे तिची अक्कल चालेना.

ती आली शेजारच्या बांधकामावरून. पावसाळा सरत आलेला. वॉचमनच्या खोपटाला टेकून बसलेली तांबूस गावठी कुत्री, वर्ष-दीड वर्षाची. नाकातून रक्त येत होतं, आणि कानाच्या आत गोचिडी अशा दाटलेल्या की जणू ज्वारीचं कणीस. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक. रिपोर्टमध्ये प्लेटलेट 38,000. निरोगी कुत्र्याच्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. निदान एर्लिकिया, म्हणजे आपण ज्याला सरसकट गोचीड ताप म्हणतो त्यातलाच एक. गोचीड रक्त पिता पिता जंतू आत सोडते आणि ते पांढऱ्या पेशींत ठाण मांडतात. आजार जुनाच. 1935 साली अल्जीरियात त्याची पहिली नोंद झाली, आणि व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराची शेकडो कुत्री त्याने दगावली. तिथे लष्करी कुत्र्यांचा निभाव लागला नाही, तर बांधकामावरच्या ठकीचं काय, असं त्या आठवड्यात सारखं मनात येई.

गोचिडी काढण्याचं काम आईने अंगावर घेतलं. "रॉकेल चोळा, आपोआप गळतात," असा सल्ला खालच्या मजल्यावरून आलाच. कातडी भाजून काढणारा सल्ला! चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, बोटांनी चिरडायची नाही, साबणाच्या पाण्यात टाकायची, एवढंच खरं तंत्र. पण कुत्रं साफ झालं म्हणून भागत नाही. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत शिरते आणि हजारोंनी अंडी घालून मरते. आमच्याकडे पिलावळ निघाली स्विचबोर्डामागे आणि पडद्याच्या दुमडीत. पडदे उकळत्या पाण्यात घातले, ते वीतभर आटले. आईने ते तसेच लावले.

घरात आधीच दोन म्हातारी कुत्री होती, त्यामुळे ठकीसाठी घर शोधणं भाग होतं. फोटो पाहून फोन येत. पहिला प्रश्न, ब्रीड कोणतं? दुसरा, मादी आहे? मग नको. नसबंदी करून देतो म्हटलं तरी नको. त्यातूनही कुणी उरलाच तर आजाराचं ऐकून "घरी विचारून सांगतो" म्हणे. ही घरं अजून विचार करत असावीत. "कशाला सांगतेस? आता बरी आहे ना," असं या कामातल्याच एका मैत्रिणीने सुचवलं. मला ते पटलं नाही. हा ताप उलटू शकतो, आणि उलटला की कुत्रं परत येतं.

तसं झालंच. एका कुटुंबाने हौसेने नेली. औषधं, तपासण्या, सगळं मी फाईल उघडून समजावलं होतं. ताप उलटताच ते ठकीला घेऊन गेटवर हजर. "आजारी कुत्रं गळ्यात मारलंत!" फाईल सोबत होती, तिच्यात पुढच्या तपासणीची चिठ्ठी घडीसुद्धा न मोडता तशीच होती.

मग वाईजवळच्या गावातून एक निवृत्त एसटी मेकॅनिक आले. कुत्रीकडे न बघता आधी चष्मा लावून फाईल वाचत बसले. कागद संपल्यावर विचारलं, "आता पुढचं रक्त कधी तपासायचं?"

"काका, ताप परत येऊ शकतो बरं का," मी म्हटलं.

"येऊ दे की. लॉगशीट नसलेल्या गाडीला मी कधी हात लावला नाही. हिची तर आहे."

ठकी त्यांच्याकडे म्हातारी झाली. एकदा ताप आला, वेळेत कळला, उतरला. पावसाळ्यात अंगणात पडून असायची. काका रोज संध्याकाळी कान आणि बोटांच्या बेचक्या तपासायचे. गोळी मात्र तिथेही ताटलीबाहेरच निघे. गेल्या वर्षी वयोमानाने गेली. काकांनी आता आणलेलीही गावठीच आहे आणि मादीच. आणण्याआधी त्यांनी तिचे रिपोर्ट मागून घेतले.